चौसष्ट घरांचे गहू

पोरे बुद्धिबळाचा पट मांडून बसली असतील तर तो घटकाभर मागून घ्या आणि कणगीतले थोडे गहू आणा. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घरी दुप्पट ठेवत चला. पहिली ओळ भरली की दाणे होतात २५५. मूठसुद्धा भरत नाही!

असेच गहू एका शहाण्याने हिंदुस्थानच्या राजाकडे बक्षीस मागितले, अशी गोष्ट तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या अरबी ग्रंथकाराने लिहून ठेवली आहे. राजाला मागणी क्षुल्लक वाटली. तुम्हा-आम्हालाही वाटली असती.

ग्रॅमला २५ दाणे धरा. निम्मा पट, म्हणजे ३२ घरे, भरायला सुमारे १,७१८ क्विंटल लागतात. एवढे राजा देईलही. पण चौसष्टही घरे भरली की दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली नावे परार्धापाशी थांबतात. ही रास १८४ परार्धांच्याही वर जाते. साऱ्या जगात आज वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. तसे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक लागेल.

असे का होते? कोणत्याही घरातले दाणे मागच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त असतात. एक, दोन आणि चार मिळून सात. चौथ्या घरात आठ. पुढे शेवटपर्यंत हेच.

आता ही रास तीन भावांत वाटायची. भागाकार करत बसू नका, नुसत्या अंकांची बेरीज करा. ८७ येते. तिला तीनने भाग जातो, म्हणून राशीलाही जातो. शेवटी ५ आहे, तेव्हा पाच जणांतही वाटणी सरळ. ६४१ वाटेकरी आले तरी दाणा उरत नाही. हा अवघड भाजक ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७३२ साली हुडकला. दोघा भावांत मात्र एक दाणा उरतो, आणि भाऊबंदकीला तेवढा पुरतो.

गव्हाची ही गंमत झाली. कर्ज मात्र खरोखरच या पटावर चालते. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज चक्रवाढीने धरले, तर साधारण ३५ महिन्यांत कर्ज एक घर पुढे सरकते. काहीच फेडले नाही तर हजाराचे तीस वर्षांत दहा लाखांवर जातात. तेव्हा व्याज सरळ की चक्रवाढ, हे सही करण्याआधी विचारून घ्या. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नसे. म्हणजे सावकाराची सोंगटी दुसऱ्या घरातच अडायची.