पडद्यावरचा प्रलय आणि रानातला दुष्काळ

सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळच्या माणसाला संकट म्हणजे काय हे सिनेमानं शिकवावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. त्याआधीच्या उन्हाळ्यात याच जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून घागरींच्या रांगा लागल्या होत्या. एकाच जिल्ह्यात, काही महिन्यांच्या अंतरानं, दोन टोकांची दोन संकटं. तरीही टीव्हीवर हिंदीत डब केलेला '२०१२' लागला, समुद्राची लाट हिमालयाच्या अंगावर चालून आली की घरातली पोरंसोरं आणि आजोबा सगळेच जागचे हलत नाहीत. ज्यांनी इतकं भोगलंय त्यांना हे बघावंसं का वाटतं?

मला वाटतं, प्रलयपटातला विध्वंस हे नुसतं निमित्त असतं. खरं सुख वेगळ्याच गोष्टीत आहे. पडद्यावरच्या संकटाला सुरुवात असते, शेवट असतो, आणि त्या दोन-तीन तासांत कोणी काय करायला हवं हे स्पष्ट दिसतं. खऱ्या आयुष्यात, त्यातही दुष्काळात, यातलं काहीच मिळत नाही.

आपल्याकडे हा प्रकार फार आधी आला. १९५७ च्या 'मदर इंडिया'त पुरानं उभं पीक आणि घर वाहून जातं आणि गाव सोडून निघालेल्या माणसांना राधा थांबवते. याच चित्रपटाच्या आगीच्या प्रसंगात सेटवर खरोखरच आग भडकली आणि सुनील दत्तनं नर्गिसला ज्वाळांतून बाहेर काढलं. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. १९६५ च्या 'वक्त'मध्ये बलराज साहनीचा लाला केदारनाथ आपल्या भरभराटीच्या कैफात पुढचे बेत रंगवतो, आणि त्याच रात्री भूकंप होऊन तीन मुलं तीन दिशांना पांगतात. यश चोप्रांनी भूकंपाला फार वेळ दिलेला नाही. काही क्षणांत सगळं होतं, आणि उरलेला चित्रपट ताटातुटीचा आणि पुन्हा भेटीचा. दोनच वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगर हादरलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या मनात पडद्यावरचा भूकंप आणि अंगणातला भूकंप असे शेजारी शेजारी आहेत. पडद्यावरच्या भूकंपात हरवलेली मुलं शेवटी सापडतात. मला वाटतं, 'वक्त' पुन्हा पुन्हा बघावासा वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

माझा सगळ्यात आवडता मात्र 'काला पत्थर'. १९७९ चा. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले, त्या घटनेवरून हा चित्रपट सुचला. त्यात पाणी येणार हे आधीपासून कळत असतं. मालकालाही कळत असतं, आणि तरी तो खाण थांबवत नाही. खाणीत पाणी शिरतं तेव्हा प्रेक्षकाला नुसती भीती वाटत नाही, संताप येतो. निसर्गाच्या नावावर खपवलेल्या किती संकटांमागे कुणाचा तरी हिशेब असतो, हे इतक्या ठळकपणे सांगणारे हिंदी चित्रपट थोडे. त्याच्या पुढच्या वर्षीचा 'द बर्निंग ट्रेन' त्यामानानं सरळ: नवी कोरी वेगवान गाडी, तिचे ब्रेक काढून टाकणारा डॅनी, आणि पेटत्या डब्यांत अडकलेली धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, हेमा मालिनी अशी सगळी फौज. असा चित्रपट जत्रेतल्या तंबूत शोभतो. वेगळ्या वेगळ्या थरांतली माणसं एका डब्यात कोंडायची आणि मग पेच वाढवत न्यायचा, हा साचा हॉलिवूडनं 'एअरपोर्ट' (१९७०), 'द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर' (१९७२) आणि 'द टॉवरिंग इन्फर्नो' (१९७४) यांतून पक्का केला होता. शेवटच्या चित्रपटाचा पसारा एवढा होता की दोन मोठे स्टुडिओ त्यासाठी एकत्र आले. त्याच वर्षीच्या 'अर्थक्वेक'साठी चित्रपटगृहांत खास मोठे स्पीकर बसवले, कानाला जेमतेम ऐकू येणारा पण छातीत जाणवणारा घुमारा त्यातून सोडला, आणि खुर्च्या थरथरायला लागल्या.

पूर दाखवणं तर त्याहून अवघड. धरण, पूल, घरं लहान करून बांधता येतात, पण पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. म्हणून अशी दृश्यं कॅमेरा जास्त वेगानं चालवून टिपतात. ती नेहमीच्या गतीनं दाखवली की पाणी संथ, जड आणि अजस्र दिसतं. पुढं संगणकानं हे काम बरंचसं सोपं केलं, पण 'टायटॅनिक'साठी (१९९७) जेम्स कॅमेरॉननं जवळजवळ पूर्ण आकाराचं जहाज उभारलं, त्याची किंमत पडद्यावर दिसते.

भीतीतून आनंद कसा होतो, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भरतानं आठ रसांत भयानकाला मानाची जागा दिली. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तानं त्यावर लिहिताना उदाहरण घेतलं 'शाकुंतला'तल्या हरणाचं. दुष्यंताचा रथ मागं लागलेला, मान वळवून बघत पळणारं ते हरीण. प्रेक्षकाला भीती कळते, पण ती ना त्याची, ना शत्रूची, ना मित्राची. ती कुणा एकाची उरत नाही, म्हणून तिची चव घेता येते. अभिनवगुप्तानं जे सांगितलं त्याच्या आसपास आजचे अभ्यासकही फिरतात. करोनाच्या पहिल्या लाटेत 'कंटेजन' हा २०११ चा साथीवरचा चित्रपट जगभर पुन्हा शोधून पाहिला गेला. २०२१ मध्ये कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भयपटांचे शौकीन त्या काळात मनानं कमी खचलेले आढळले, आणि जग उलटंपालटं होण्याचे चित्रपट आवडणारे तयारीच्या बाबतीतही पुढं होते. चित्रपटानंच त्यांना तसं घडवलं, असं यातून सिद्ध होत नाही. पण संकटाची मनातल्या मनात तालीम होते, हे मला पटतं.

ही तालीम मदतीचीही असते. २०१८ च्या केरळच्या पुरावरचा मल्याळम चित्रपट '२०१८' बघावा. आपल्या होड्या ट्रकवर घालून पुरात शिरलेले मच्छीमार त्यात आहेत. महापुरात होड्यांची वाट बघितलेल्या सांगलीकराला तो चित्रपट परका वाटणार नाही. मोठी लाट आली की आपण लाट बघतो, पण डोळे शोधत असतात ते हात देणाऱ्या माणसाला. त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे प्रत्येक जण मनात ठरवतो, आणि ते ठरवण्यात मोठं समाधान आहे.

दुष्काळाला मात्र ही लाट नाही. विहीर एका रात्रीत आटत नाही. अग्रणीच्या पात्रातली वाळू हळूहळू कोरडी होते, द्राक्षबाग टँकरच्या पाण्यावर जगवता जगवता कर्ज वाढतं, मेंढरं घेऊन धनगर लांबच्या रानाला जातात. कॅमेरा लावायचा कुठल्या क्षणाला? यावर मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', आणि तीवर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये केलेला चित्रपट. आधी वाडीतली माणसं इतकी जवळची होतात की शेवटी दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते, तेव्हा आपलंच घर मोडल्यासारखं होतं. मी त्याला माणदेशाचा प्रलयपट म्हणतो. त्यात एकही इमारत कोसळत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची गोष्ट सांगणारा आदिनाथ कोठारे यांचा 'पाणी' दुसऱ्या बाजूनं येतो. तिथं गाव स्वतः पाणी अडवतं, म्हणून त्याला शेवट आहे आणि तो आनंदाचा आहे.

आणखी एक चित्रपट मला बघायचाय. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर तहानेनं व्याकूळ झालं. राजस्थानातल्या कोट्याहून वाफेनं धुऊन काढलेले टाकीचे डबे मिरजेला आले, त्यांत पाणी भरलं, आणि ११ एप्रिलला दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोचली. पुढं पन्नास-पन्नास डब्यांच्या गाड्या धावल्या. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे जाणारा हा लोहमार्ग कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड अशी स्थानकं घेत जातो. म्हणजे ज्यांना स्वतःला म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनेचं आवर्तन कधी सुटतंय याची काळजी, त्यांच्या दारावरून कृष्णेचं पाणी आणखी तहानलेल्यांकडे गेलं. या गोष्टीत 'द बर्निंग ट्रेन'सारखी गाडी आहे, पोचायची घाई आहे, रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसं आहेत. खलनायक मात्र ब्रेक काढणारा एकटा डॅनी असणार नाही. तो शोधताना दिग्दर्शकाला उसाचं पाणी, आटलेलं मांजरा धरण आणि कितीतरी वर्षांचे कागद उलटावे लागतील. 'काला पत्थर'ला जमलं ते इथंही जमेल.