मोबाइलच्या रेंजमधला मुकब्बिर

ईदची जमाअत मोठी असली आणि ऐन वेळी लाइट गेली, की इमाम साहेबांची तकबीर मागच्या सफपर्यंत पोहोचत नाही. मग मधल्या सफमधला मुकब्बिर तीच तकबीर मोठ्याने म्हणतो आणि सगळी जमाअत सोबतच रुकूत जाते. बिनतारी नेटवर्कमध्ये ज्याला 'सहकारी रिले' म्हणतात, ते बरंचसं हेच आहे.

वडनेर भोलजीसारख्या महामार्गालगतच्या गावात रस्त्यावर रेंज फुल्ल असते, पण गल्लीत आत, पत्र्याच्या खोलीत बसून मुलगी स्कॉलरशिपचा फॉर्म भरते तेव्हा ओटीपीच येत नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या मैदानातसुद्धा सिग्नलची ताकद एक चतुर्थांश उरते. मध्ये घरं-झाडं आली तर आणखी कमी, आणि पत्रा तर लहरींना चक्क परतवून लावतो.

म्हणून मध्ये मदतनीस हवा. एक प्रकारचा मदतनीस आलेला सिग्नल आहे तसाच मोठा करतो, पण सोबत खरखरही मोठी होते. दुसरा खरा मुकब्बिर. तो आधी नीट ऐकतो, समजून घेतो आणि स्वच्छ आवाजात पुन्हा म्हणतो. अर्थात त्याने चुकीचं ऐकलं, तर तीच चूक पुढे जाणार.

यातला 'सहकार' असा, की घेणारा फोन टॉवरचा क्षीण आवाज आणि मदतनिसाचा आवाज दोन्ही जोडून अर्थ लावतो. समजा, प्रत्येक वाट दहापैकी एकदा बंद पडते. दोन्ही वाटा एकमेकींवर अवलंबून नसतील, तर त्या एकाच वेळी बंद पडण्याचा प्रसंग शंभरात एकदाच येईल.

1979 साली या गणिताचा पाया भक्कम करणाऱ्या दोघांपैकी एक, अब्बास एल गमाल, कैरो विद्यापीठात शिकलेले. 2003 मध्ये अंकारात शिकलेल्या एल्झा एर्किप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोन साधे मोबाइलही एकमेकांचे मुकब्बिर होऊ शकतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने पालघरच्या पाड्यांपर्यंत असंच टप्प्याटप्प्याने इंटरनेट नेलं. लांबचा टप्पा टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलवरून, शेवटचा वायफायवरून. 2017 मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

मग आपले फोन एकमेकांना मदत का करत नाहीत? शेजाऱ्याचा डेटा पुढे नेताना बॅटरी माझी जाणार, हा साधा प्रश्न आहे आणि तो गणिताने सुटत नाही.

घरात वायफाय रिपीटर लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ज्या खोलीत नेट येत नाही तिथे तो लावू नका. त्यालाच ऐकू आलं नाही तर तो काय सांगणार? राउटर आणि ती खोली यांच्या साधारण मध्यावर लावा. साधा रिपीटर त्याच चॅनेलवर आधी ऐकतो, मग बोलतो, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो. पण बंद पडण्यापेक्षा ते बरं. आणि बाजारात मिळणारे मोबाइल सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. परवानगीशिवाय ते लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्यांच्या गोंगाटाने आख्ख्या मोहल्ल्याची रेंज बिघडते.