अर्धं यकृत पूर्ण कसं होतं?

लेखमाला ‘आतली कामं’ : भाग ९

मागच्या आठवड्यात यकृताची रोजची कामं पाहिली: साखर साठवणं, पित्त बनवणं, अमोनियाचा युरिया करणं. हीच कामं यकृताच्या पुन्हा वाढण्यालाही हाक देतात, आणि आजचा भाग त्याबद्दलच आहे.

अंबड, घनसावंगीकडच्या एखाद्या घरात भावानं भावाला यकृत द्यायचं ठरलं, की थोरली माणसं आधी विचारतात, “अर्धं काढून दिल्यावर ह्याचं पुढं कसं?” प्रश्न रास्त आहे. मोठ्या माणसासाठी बहुधा दात्याच्या यकृताचा उजवा भाग, म्हणजे सुमारे ६० टक्के काढतात. दोन-तीन महिन्यांत दात्याचं यकृत बरंचसं पूर्वीच्या वजनाला येतं. काढलेला भाग मात्र नव्यानं फुटत नाही. राहिलेलाच मोठा होतो. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून हे नीट मोजलं. उंदराची भरपाई आठ-दहा दिवसांतच होते.

जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको ही बियाणे कंपनी उभी केली. पोत्यातलं बी ओल मिळेपर्यंत निजून असतं, तशाच प्रौढ यकृतपेशीही विभाजनाच्या बाबतीत निजलेल्या असतात. पण उगवणाऱ्या बियाला दुसरं काम नसतं. यकृतपेशीला मात्र वाढता वाढता सगळ्या शरीराचं काम चालू ठेवावं लागतं, आणि मला यातलं सर्वांत थक्क करणारं हेच वाटतं.

मग ही ओल कुठली? १९६७ साली दोन उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडून पाहिलं गेलं. यकृत एकाचंच कापलं, तरी दुसऱ्याच्या धडधाकट यकृतातल्या पेशीही विभाजनाच्या तयारीला लागल्या. म्हणजे निरोप रक्तातून जातो.

त्यातला एक निरोप पित्ताम्लांचा. आतड्यातून परतणारी पित्ताम्लं आधी पूर्ण यकृत उचलत होतं. आता तेवढाच भार थोड्या पेशींवर येतो. पेशीच्या केंद्रकात एफएक्सआर नावाचं प्रथिन असतं. पित्ताम्ल त्याला चिकटलं, की ते डीएनएवर बसून ठरावीक जनुकं चालू करतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे प्रथिन नसलेल्या उंदरांचं यकृत फार सावकाश वाढलं. यकृत शरीराला पुरेसं झालं की प्रत्येक पेशीवरचा भार उतरतो आणि हा निरोपही ओसरतो.

दुसरा निरोप साखरेच्या तुटवड्याचा. यकृत कापल्यावर काही तासांत रक्तातली साखर उतरते, आणि अंगावरची चरबी यकृताकडे येऊ लागते. पेशींत काही काळ चरबीचे थेंब दिसतात. उंदरांत ही चरबी साठू दिली नाही, तर वाढ अडखळते. उलट त्यांना भरपूर ग्लुकोज दिलं, तर विभाजनाला लगाम घालणारं पी-२१ वाढतं आणि वाढ मंदावते. यावरून कुणी रुग्णाचं ग्लुकोजचं सलाईन थांबवायला सांगू नये. माणसात साखर फार उतरली तर जिवावर बेतू शकतं.

यात नवं जनुक कुठलंच येत नाही. यकृतातल्याच रोगप्रतिकारक कुप्फर पेशींकडून आयएल-६ हे निरोपाचं प्रथिन येतं, वाढीचे घटक येतात, आणि पेशी आपल्याच जनुकांतली काही उघडते, काही मिटते. पेशीला कामाच्या अवस्थेत स्थिर ठेवणारं सी/ईबीपी-अल्फा हे प्रथिन कमी होतं, तर त्याचं भावंड सी/ईबीपी-बीटा वाढतं. वजन भरत आलं की टीजीएफ-बीटासारखे रोधक पेशींना थांबवतात.

आता दात्याच्या तपासणीत डॉक्टर चरबीबद्दल इतके काटेकोर का असतात, ते कळेल. वाढीच्या वेळी येणारी चरबी तात्पुरती असते, ती इंधन म्हणून जळते. वर्षानुवर्षं साचलेल्या चरबीनं बिघडलेल्या पेशीला मात्र हे निरोप नीट पाळता येत नाहीत. म्हणून ३० टक्क्यांहून जास्त पेशींत मोठे थेंब असतील, तर असं यकृत सहसा घेत नाहीत. दाता तरुण असेल आणि घाई नसेल, तर आधी वजन उतरवायला सांगतात. आहार आणि चालण्यानं काही आठवड्यांतही ही चरबी बरीच घटते, आणि नाकारलेला भाऊ पुन्हा तपासणीला उभा राहू शकतो.

पुढच्या आठवड्यात सिऱ्होसिस : वाढीच्या जागी व्रण का धरतात?