सामना कुणाचा? डॉर्टमुंडचे वार्तापत्र

देवाणघेवाण योजनेवर एक-दोन सत्रांसाठी जर्मनीत येणाऱ्या विद्यार्थ्याला भारतातले सामने पाहायला रात्र जागवावी लागते, असा धाराशिवात सर्रास समज आहे. तो बहुधा अमेरिकेतल्या नातेवाइकांवरून झालेला असावा. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. आयपीएलचा साडेसातचा सामना इथे दुपारी चारला सुरू होतो. म्हणजे प्रश्न झोपेचा नाही, हजेरीचा आहे. उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, आयपीएलही तेव्हाच रंगात येते आणि प्रात्यक्षिके नेमकी दुपारी ठेवलेली असतात. 19 नोव्हेंबर 2023 चा अहमदाबादचा एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना मात्र रविवारी सकाळी साडेनऊला आला. ऑस्ट्रेलियाचा ट्रॅव्हिस हेड 137 धावा काढून बाद झाला तोवर डॉर्टमुंडमध्ये अंधारून आले होते, आणि रविवार हा इथे शांततेचा वार असल्याने मोठ्याने हळहळण्याचीही सोय नव्हती.

दुसरी अडचण अ‍ॅपची. 2023 आणि 2024 ची आयपीएल भारतात जिओसिनेमावर फुकट होती. टपरीवर चहा येईपर्यंत दोन षटके पाहून होत. तेच अ‍ॅप जर्मनीत उघडले की सामना तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही एवढे सांगून मोकळे होई. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात. 2023 ते 2027 या पाच हंगामांचे आयपीएलचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. एवढा पैसा ओतणारा आपला माल कुंपणाबाहेर सांडू देईल कसा? मग पाच जणांत एक वर्गणी, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक लॅपटॉप, आणि ऐन शेवटच्या षटकात गोल गोल फिरणारे चक्र. गावाकडे सामना संपून फटाके वाजल्याचा मेसेज येतो तेव्हा इथे तीन चेंडू बाकी असतात.

जर्मन माणूस स्वतःच्या देशाचा सामना कसा पाहतो, हे त्यानंतर कळते तेव्हा थोडा मत्सर वाटतो. इथे प्रत्येक घराला, टीव्ही असो वा नसो, सार्वजनिक प्रसारणासाठी महिन्याला 18.36 युरो भरावे लागतात. चार जणांच्या सामायिक घरात ते वाटून घेतात आणि त्यावरून भांडणेही होतात. पण मोठ्या स्पर्धेतला राष्ट्रीय फुटबॉल संघाचा सामना कायद्याने सर्वांना मोफत दिसला पाहिजे. मत्सर आवरण्यापुरते सांगायचे तर आपल्याकडेही 2007 चा कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाचा सामना खासगी वाहिनीला दूरदर्शनशी वाटून घ्यावाच लागतो. वाडीवस्तीवरच्या फ्री डिशवर भारताचा सामना दिसतो तो त्यामुळे. फरक इतकाच, की आपण त्याला सरकारची मेहेरबानी समजतो आणि जर्मन माणूस पावती दाखवतो.

दोन्ही देशांचे प्रेक्षक एका छपराखाली पाहायचे तर 29 जून 2024 सारखा दिवस लागतो. बार्बाडोसमधला ट्वेंटी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना जर्मनीत दुपारी साडेचारला सुरू झाला. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा झेल आत-बाहेर करत पकडला आणि भारत सात धावांनी जिंकला, तेव्हा आठ वाजले होते. स्वयंपाकघरात पास्ता उकळत उभ्या असलेल्या जर्मन मुलांना फक्त एवढेच उमगले, की रेषेच्या अलीकडे-पलीकडे काहीतरी झाले आणि आठ-दहा मुले रडू लागली. नऊ वाजता त्यांची पाळी. युरो स्पर्धेत जर्मनी आणि डेन्मार्क, तेही डॉर्टमुंडच्याच मैदानावर. पस्तीसाव्या मिनिटाच्या सुमारास विजा चमकू लागल्या, पंचांनी खेळ थांबवला, छपरावरून पाण्याची धार कोसळू लागली आणि प्रेक्षक त्याखाली नाचू लागले. क्रिकेटवर पोसलेला माणूस अशा वेळी आपसूक हिशेबाला लागतो: किती कापणार, लक्ष्य किती होणार? काही कापले नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी खेळ थांबला होता तिथूनच सुरू झाला आणि जर्मनी 2-0 ने जिंकली.

फटाके मात्र भारताच्या विजयाला वाजले नाहीत की जर्मनीच्याही. सामान्य माणसाला इथे ते फक्त वर्षअखेरीच्या दोन-तीन दिवसांत विकत मिळतात. यावरून जर्मन प्रेक्षक शिस्तीचा पुतळा असतो, या दुसऱ्या समजाला बळ मिळू नये. डॉर्टमुंडच्या मैदानात 81,365 माणसे मावतात आणि त्यातली सुमारे 25 हजार दक्षिणेच्या एकाच सज्जात नव्वद मिनिटे उभी असतात. बंदी असलेल्या मशाली तिथे सर्रास पेटतात, क्लबला दंड होतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा पेटतात. बिअरचे पेले उडतात. शिव्या समजायला जर्मन यावी लागत नाही.

तरी विद्यार्थ्याला खरा धक्का बसतो तो तिकिटाने. लीगच्या सामन्याला उभ्याची जागा साधारण पंधरा-वीस युरोत मिळते आणि त्याच तिकिटावर त्या दिवशी शहराची लोकल व ट्राम फुकट. हे स्वस्त का, तर क्लब उभ्या राहणाऱ्यांचा आहे म्हणून. 1998 पासून जर्मन क्लबना फुटबॉलची कंपनी काढता येते, पण मतांची निम्म्याहून एक तरी अधिक सत्ता सभासदांच्या संस्थेकडे राहिली पाहिजे. डॉर्टमुंडची कंपनी शेअर बाजारात आहे आणि तरीही सूत्रे दोन लाखांवर सभासद असलेल्या संस्थेच्या हाती आहेत. तेरणेच्या काठच्या ऊसवाल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सभासद, वार्षिक सभा, संचालक, माईकसाठी ओढाताण हे सगळे साखर कारखान्यासारखेच आहे. फक्त विषय वाचून व्हायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा इथे होत नाही. नियमाला पळवाटाही आहेत: औषध कंपनीच्या लेव्हरकूझनला आणि मोटार कंपनीच्या वोल्फ्सबर्गला सूट आहे. 2024 मध्ये एकही सामना न हरता लीग जिंकली ती त्याच लेव्हरकूझनने, याची जर्मन मित्राला आठवण करून देऊ नये.

सभासदाचा आवाज म्हणजे काय, हे त्याच हिवाळ्यात दिसले. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा एका गुंतवणूकदाराला विकायचे लीगच्या कारभाऱ्यांनी ठरवले होते. सज्जांतून मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी पडू लागली, सामने थांबू लागले. खेळाडू स्वतः चेंडू वेचत होते. 21 फेब्रुवारी 2024 रोजी बेत गुंडाळला गेला.

महिनाभरात आयपीएल सुरू झाली. मुंबई इंडियन्सने डिसेंबरातच रोहित शर्माच्या जागी हार्दिक पांड्याला कर्णधार केले होते, आणि नाराज प्रेक्षकांनी अहमदाबादेत आणि वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली. जर्मन मित्रांचा प्रश्न साधा होता: सभासदांनी सभा का बोलावली नाही? सभासदच नाहीत, संघ मालकाचा आहे, हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला, की मग लोक त्याला ‘आपला’ कसे म्हणतात. वैतागून जावे असाच हा प्रश्न. बार्बाडोसचे ते शेवटचे षटक टाकणारा गोलंदाज हार्दिकच होता, आणि हुर्यो उडवणाऱ्यांनीच त्याला त्या रात्री डोक्यावर घेतले. मालकी नसली की प्रेक्षकाकडे एवढेच उरते: आज शिव्या, उद्या गुलाल.

पण सभासदत्व आपल्याला परके आहे असे मुळीच नाही. धाराशिव जिल्ह्यातला जत्रेचा कुस्त्यांचा फड पाहावा. वर्गणी गावाची, पंच गावाचे, कोणत्या जोडीला किती इनाम तेही जत्रा कमिटी ठरवते. हलगी वाजत असते, प्रेक्षक मातीच्या कडेला मांडी ठोकून बसलेले असतात. मल्ल नुसतेच खडाखडी करू लागले तर ‘निकाली करा’ म्हणून चहूबाजूंनी ओरडा होतो आणि पंचांना तो ऐकावा लागतो. गंमत अशी, की हा फड जर्मनीतून पाहणे आयपीएलपेक्षा सोपे आहे. हक्क कुणी विकत घेतलेले नसतात. कुणीतरी यूट्यूबवर थेट लावतो, आणि चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर मैदान फिरवून दाखवतो.

मोठ्या कुस्तीत मात्र मालकीचा घोळ आहेच. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी धाराशिवात झाली आणि शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. त्याच महिन्यात पुण्याजवळ फुलगावला कुस्ती संघटनेच्या दुसऱ्या गटाने दुसरी महाराष्ट्र केसरी भरवली आणि ती गदा सिकंदर शेखने नेली. एका महिन्यात दोन केसरी कसे, हे जर्मन माणसाला सांगू जाता संध्याकाळ संपते.

राहिला खो-खो. धाराशिवची सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या महिलांनी नेपाळला 78-40 असे हरवले. संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. जर्मनीचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ त्या स्पर्धेत उतरले होते. वसतिगृहातल्या जर्मन मुलांना ही बातमी भारतीयांकडूनच कळली. पाठीवर थाप मारून ‘खो’ द्यायचा आणि बसलेल्याने उठून पळायचे, खांबाला वळसा घातल्याशिवाय दिशा बदलायची नाही, एवढे नियम त्यांना पाच मिनिटांत समजले. मग धाराशिवात सामन्याचे तिकीट कितीला असते, अशी चौकशी झाली. जिल्ह्यातल्या खो-खोला तिकीट नसते. चुन्याच्या रेषेबाहेर उभे राहायचे आणि धावणारी अंगावर आली तर बाजूला व्हायचे.