चंबूपासून टाकीपर्यंत

मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए. तरीही माझी भाची मार्कलिस्ट घेऊन माझ्याकडे आली. तिने सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलेले. म्हणाली, ''मामू, मला केमिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करायचंय. जमेल का?'' उत्तर शोधताना मीच थोडा शिकलो.

पेनिसिलिनचे उदाहरण पाहा. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते बुरशीत सापडले. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायाला ते टोचले. ताप उतरला, माणूस सुधारू लागला. साठा इतका तुटपुंजा, की त्याच्या लघवीतून औषध वेगळे काढून पुन्हा टोचले. अखेर साठा संपला आणि तो दगावला. बुरशी माहीत होती, गुण माहीत होता; नव्हते ते प्रमाण.

ते प्रमाण इंजिनिअरांनी दिले. १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिनला फायझर कंपनीने साडेसात हजार गॅलनच्या टाक्यांत पेनिसिलिन काढायला सुरुवात केली. आपल्या पिंपरीला हे उत्पादन १९५५ मध्ये सुरू झाले.

चंबूतले टाकीत ओतले की झाले, असे मात्र नसते. भांडे लांबी-रुंदी-उंचीने दहापट करा. आतला ऐवज हजारपट होतो, बाहेरचा पृष्ठभाग शंभरपटच. जिवाणूंची उष्णता बाहेर पडायला वाट अपुरी पडते. तळापर्यंत हवा पोचवायची, ढवळायचे, थंड ठेवायचे, आणि प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडायचा. हा हिशेब म्हणजेच केमिकल इंजिनिअरिंग. त्याची भाषा गणिताची.

अडचण नेमकी इथेच आहे. आपल्याकडे अनेक मुले दहावीनंतर गणित सोडून जीवशास्त्र घेतात. सोळाव्या वर्षी सोडलेला विषय बाविसाव्या वर्षी दारात उभा राहतो. 'गेट' परीक्षेला बी.एस्सी. झालेल्यांनाही बसता येते. पण त्यातल्या केमिकलच्या पेपरात शंभरपैकी १३ गुण निव्वळ गणिताचे, आणि उरलेल्या पेपरातही गणित पाठ सोडत नाही. शिवाय परीक्षेला बसता येणे वेगळे, प्रवेश मिळणे वेगळे. बऱ्याच संस्था एम.टेक.साठी बी.ई. किंवा बी.टेक.च मागतात. म्हणून फी भरण्याआधी, हातची नोकरी सोडण्याआधी, संस्थेची पात्रतेची अट स्वतः वाचावी आणि शंका असल्यास लेखी विचारावी. 'बघू, होईल काहीतरी' यावर घरचे पैसे लावू नयेत.

मोठे दार बंद दिसले, तर शेजारचे पाहावे. जैवतंत्रज्ञान, बायोप्रोसेस अशा अभ्यासक्रमांत जीवशास्त्र हे ओझे नसून भांडवल असते. काही ठिकाणी आधी एम.एस्सी. करावी लागते. त्यात दोन वर्षे जातात, पण पाया भरतो.

भाचीला मी एवढेच म्हणालो, ''बेटा, जीव कसा जगतो हे तू शिकलीस. आता तो किती, किती वेळात, किती उष्णतेत, हे शिक.''

सध्या धाकट्या भावाचे अकरावीचे गणित घेऊन ती रोज पहाटे बसते. भाऊ तिला उदाहरणे समजावतो. तो भलताच खूश आहे.