सोळाव्या वर्षी मतदानाचा हक्क द्यावा काय?

मतदानाचे वय अठरावरून सोळावर आणावे, असा विचार अनेक देशांत मांडला जात आहे. ऑस्ट्रियाने २००७ साली तसा कायदा केला. ब्राझीलमध्ये १९८८ च्या संविधानापासून सोळा-सतरा वर्षांचे तरुण स्वेच्छेने मतदान करू शकतात. आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतींनाही हा प्रश्न पडतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू या.

भारतात प्रारंभी मतदाराचे वय किमान एकवीस वर्षे असावे लागे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने कलम ३२६ मध्ये बदल झाला आणि २८ मार्च १९८९ पासून ही मर्यादा अठरा वर्षांवर आली. ख्रिस्तसभेनेही १९८३ च्या कायदेसंहितेत सज्ञानतेचे वय एकवीसवरून अठरावर आणले होते.

सोळाव्या वर्षाचे समर्थक म्हणतात की, श्रीगोंद्यासारख्या तालुक्यात या वयाची कित्येक मुले शाळा सांभाळून शेतात राबतात. कालव्याचे पाणी आणि एस. टी. बसची सोय हे त्यांच्या रोजच्या जगण्याचे प्रश्न आहेत. शिवाय २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अतिगंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरील मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. मग केवळ शिक्षेपुरतेच त्याला मोठे का मानावे? विरोधकांच्या मते, घरावर अवलंबून असलेल्या मुलाचे मत वडीलधाऱ्यांच्या दडपणाखाली जाईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

परंतु आम्हाला अधिक चिंता वाटते ती अठराव्या वर्षी मिळालेल्या हक्काची. श्रीगोंदा ज्या जिल्हा परिषदेच्या क्षेत्रात येतो, त्या तत्कालीन अहमदनगर जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. तिची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पण २०२५ अखेरपर्यंत नवी निवडणूक झाली नाही. मार्च २०१७ मध्ये अठरा वर्षे पूर्ण करणारा तरुण तोवर सव्वीस वर्षांचा झाला, तरी गावची प्राथमिक शाळा व आरोग्य केंद्र चालवणाऱ्या संस्थेसाठी त्याला एकदाही मत देता आले नाही. निवडणूकच होत नसेल, तर वय सोळा काय आणि अठरा काय!

नावनोंदणीतील दिरंगाईनेही हक्क हुकतो. राज्यातील २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची मतदार यादी धरण्यात आली. त्यानंतर अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यांना थांबावे लागले. आता वर्षातून चार दिनांक धरून नोंदणी होते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पूर्ण होताच नमुना ६ चा अर्ज आगाऊ भरता येतो.

तेव्हा पालकांनी मुलांचे अर्ज वेळेत भरून घ्यावेत. शिक्षणासाठी पुण्यास राहणाऱ्यांनी नाव गावी ठेवायचे की तेथे नोंदवायचे, हे ठरवावे. ते एकाच ठिकाणी असू शकते. सोळाव्या वर्षीचा निर्णय संसद करील तेव्हा करो. तोवर अठराव्या वर्षीचा हक्क आपल्या मुलांच्या हाती खरोखर पडेल, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.