रहस्य आणि अद्भुत : वाचन, परीक्षण व लेखन

वाचनालयांतील ज्या पुस्तकाचा पुठ्ठा सर्वांत अधिक झिजलेला असतो, तें बहुधा रहस्यकथेचें अथवा अद्भुतरम्य कादंबरीचें पुस्तक असतें. आणि ग्रंथपरीक्षणाच्या सदरांत ज्याचें नांव क्वचितच आढळतें, तेंही बहुधा हेंच असतें. हलकें वाङ्मय म्हणून विद्वान् त्याकडे पाठ फिरवितात. परिणाम असा होतो कीं, वाचकाला वाटाड्या मिळत नाहीं आणि लेखकाचा कान धरणारा कोणी राहत नाहीं.

ही आवड मराठीत नवी नाहीं. नारो सदाशिव रिसबूड यांनी 1868 सालीं 'मंजुघोषा' ही कादंबरी लिहिली. आपल्या समाजाचें नित्याचें जीवन इतकें एकसुरी आहे कीं, वाचकाचें मनोरंजन करावयाचें तर लेखकास अद्भुताकडेच वळावें लागतें, असा अभिप्राय त्यांनी प्रस्तावनेंत दिला आहे. पुढें 1913 सालीं नाथमाधवांची 'वीरधवल' आली. त्यानंतर बाबूराव अर्नाळकरांनी 'झुंजार' आणि 'काळा पहाड' हे नायक निर्माण केले आणि हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. इतक्या वाचकांची भूक ज्या अन्नावर भागते, त्या अन्नाची पारख करणें कमीपणाचें कसें म्हणतां येईल ?

ही पारख कोणत्या कसोटीवर करावी ? ती कसोटी कीर्तनांतून प्रत्येकाच्या कानांवर आलेली आहे. हिरण्यकशिपूनें वर मागितला कीं, मनुष्याकडून वा पशूकडून, दिवसा वा रात्रीं, घरांत वा घराबाहेर, भूमीवर वा आकाशांत, कोणत्याही शस्त्रानें आपणांस मरण येऊं नये. श्रोत्याला या सर्व अटी आरंभींच कळतात. पुढें नरसिंह प्रकट होतो; संध्यासमयीं, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनीं त्याचा वध करितो. येथें एकही अट मोडलेली नाहीं, आणि तरीही शेवट अनपेक्षित आहे. रहस्य असो वा अद्भुत असो, उत्तम कथेची कसोटी हीच. लेखकानें आरंभीं जें वचन दिलें, तें शेवटीं न मोडतां त्यानें वाचकाला चकित केलें पाहिजे.

रहस्यकथेंत हें वचन पुराव्याचें असतें. ज्या वर्षीं 'मंजुघोषा' निघाली, त्याच वर्षीं इंग्लंडांत विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. 1799 सालच्या श्रीरंगपट्टणच्या लढाईंत लुटलेला एक हिरा इंग्लंडांतील एका घरांतून नाहींसा होतो, हा तिचा विषय. ती कथा निरनिराळीं पात्रें आळीपाळीनें सांगतात, आणि प्रत्येकजण स्वतःस जेवढें ठाऊक तेवढेंच सांगतो. त्यामुळें रहस्य राखलें जातें आणि वाचकाशीं लबाडीही होत नाहीं. रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 सालीं अशा कथांचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या पूर्वभागांतच आला पाहिजे, आणि शोधकाला मिळालेला पुरावा वाचकापासून दडवितां कामा नये, हे त्यांतील मुख्य होत.

अद्भुतकथेंत हेंच वचन नियमांचें असतें. प्राध्यापक टोल्किन यांनी 1939 सालीं स्कॉटलंडांत दिलेल्या एका व्याख्यानांत असें प्रतिपादन केलें कीं, कथाकार एक दुसरी सृष्टि निर्माण करितो. त्या सृष्टीच्या नियमांस धरून जें घडतें तें वाचकास खरें वाटतें, आणि अविश्वास उत्पन्न होतांच मोहिनी नष्ट होते. जादूची अंगठी कथेंत खुशाल असावी. परंतु नायक बुडूं लागला कीं तिला एकाएकीं नवी शक्ति प्राप्त व्हावी, हें मात्र खपणार नाहीं.

परीक्षकानें असें पुस्तक दोनदां वाचावें. पहिल्या वेळीं साध्या वाचकाप्रमाणें वाचावें, आणि संशय कोणावर गेला, उत्सुकता कोठें मंदावली, याची टिपणें ठेवावीं. दुसऱ्या वेळीं, शेवट ठाऊक असतांना, प्रत्येक धागा तपासावा. जें पुस्तक दुसऱ्या वाचनांत अधिक आवडतें, त्याची वीण घट्ट समजावी. परीक्षण लिहितांना आरंभींचा पेंच सांगावा, उकल सांगूं नये. 'शेवट अगदींच कल्पनेपलीकडचा आहे' एवढ्या वाक्यानेंही वाचक सावध होतो. अगाथा ख्रिस्ती यांच्या 1926 सालच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' या कादंबरीनें वाचकाला न्याय दिला कीं नाहीं, यावर पुष्कळ वाद झाला. तो वाद रहस्य न फोडतांही समजावून देतां येतो. दोष असेल तर त्याचा प्रकार स्पष्ट सांगावा : पुरावा दडविला, कीं योगायोगावर भिस्त ठेविली, कीं परक्या ग्रंथाची कथा मूळ ग्रंथाचें नांव न देतां उचलली. या शेवटच्या दोषाविषयीं भीड मुळींच धरूं नये.

नवीन लेखकांनीं थोड्या गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. शेवट आधीं ठरवावा आणि मग आरंभ लिहावा. महत्त्वाचा पुरावा क्षुल्लक वस्तूंच्या गर्दींत, पण उघड्यावर ठेवावा. योगायोगानें संकट आणलें तर चालतें. संकट टाळण्यास मात्र पात्राची बुद्धि अथवा धैर्यच उपयोगी पडावें. जादूला मर्यादा असावी आणि तिचें मोलही कोणास तरी द्यावें लागावें. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं किंकाळी घातली, तर तिसऱ्या किंकाळीस कोणी दचकत नाहीं.

पुष्कळ मुलांनीं स्वतःच्या इच्छेनें आरंभापासून अखेरपर्यंत वाचलेलें पहिलें पुस्तक याच वर्गांतलें असतें. तें प्रामाणिक असेल तर मूल दुसरें पुस्तक मागावयास येतें. त्यानें फसविलें तर कदाचित् तें पुन्हा वाचनालयाची पायरी चढत नाहीं. म्हणून या ग्रंथांचें परीक्षण इतर ग्रंथांइतकेंच काळजीनें झालें पाहिजे.